तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

आमच्या घरी रीत अशी :
पहिल्यांदा विचारलं की नको,
दुसऱ्यांदा, अहो खरंच नको,
तिसऱ्यांदा मग अर्धा कप, तोही बशीत.
मेयोच्या वॉर्डात तेहतीस वर्षं
अनोळखी दंडांत शीर शोधली.
बरं होऊन जाताना कुणी पेढे आणले
तर ट्रेकडे बोट दाखवलं : ठेवा तिथं.
घ्यायचं कसं, हे कुणी शिकवलं नाही
आणि मीही विचारलं नाही.

मार्चमध्ये देवलापारहून निघाले,
नागपूरपर्यंत पायी.
कारण विचारू नका.
रस्त्यात सगळ्यांनी विचारलंच.
नवस हाय का जी? नाही.
बस हुकली? नाही.
घरी काही झालं का? तेही नाही.
असंच, म्हटलं की लोक जरा हिरमुसायचे
आणि तरी पाणी द्यायचे.

पवनीच्या पुढे मोहाखाली
फुलं वेचत होती कमळा उईके.
जेवली का बाई?
झालं, म्हटलं मी. सवयीनं.
पोटात सकाळचं अर्धं केळं.
बरं, म्हणाली ती, आणि वाकून वेचू लागली.
पुन्हा विचारलं नाही.
तिच्याकडे रीत एवढीच :
माणूस बोलला ते खरं.
तिच्या फडक्यातल्या भाकरीचा वास
मला चोरबाहुलीपर्यंत पुरला.

मनसरला टाचेचा फोड फुटला.
त्यावरची औषधं मला तोंडपाठ,
आणि सगळी घरी, कपाटात.
पंक्चरवाल्या कय्यूमनं काही विचारलं नाही,
नुसता हात पुढे केला बुटासाठी,
जसा मी करायची, नाडी बघायला.
जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, कानशीनं घासला,
सोल्युशन लावून फुंकर मारली,
टाचेखाली बसवून अंगठ्यानं दाबत राहिला,
दोन ट्रक हॉर्न देऊन गेले तरी.
मी वीसची नोट काढली.
हवा कुठं भरली जी? पैसे हवेचे.
नोट धरून मी तशीच उभी,
सुईला घाबरलेल्या पोरासारखी.

कांद्रीत अंधार पडला.
मायाबाई खोब्रागडे दारातून म्हणाल्या, इथंच झोप
आणि मी हो म्हटलं,
त्यांचा ‘ता का’ अजून ओठांतच होता.
दोघीही दचकलो.
कूलर अजून माळ्यावरून उतरवला नाही
म्हणून त्या ओशाळत राहिल्या.
नातवाची उशी दिली, खोबरेल प्यायलेली.
सकाळी परातीत कोमट पाणी आणलं, मीठ टाकून.
मी पाय धुवू दिले नाहीत.
मग दिले.

त्यानंतर होच.
कन्हानच्या पुलाअलीकडे कुणाच्या तरी छत्रीला हो,
कामठीत तर्री-पोह्याला हो,
वरून तर्री टाकू का, त्यालाही हो.
जीभ पोळली. चालतं.

ऑटोमोटिव्ह चौकात, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत
स्कूटीवरचा एक पोरगा थांबला.
आंटी, सोडून देऊ?
आणि मला नको म्हणायचं होतं, खरं नको,
आयुष्यातलं बहुतेक पहिलंच,
तर तेच तोंडातून निघेना.
पायीच जायचंय रे, म्हटलं शेवटी, माफी मागितल्यासारखं.
मंग पिशवी तरी द्या न.
इंदोरा चौकात रसवंतीवर ठेवून देतो,
रिंगणच्या वाढोकर काकांकडे.

पिशवीत बीपीच्या गोळ्या, चष्मा, पैसे, घराची किल्ली.
नंबर बघावा गाडीचा, हे सुचेस्तोवर
ती पिशवी त्याच्या पायांशी, आणि तो सिग्नलपार.
नाव? विचारलंच नाही.

आता उड्डाणपुलाची सावली सोडून मी उन्हातून चालतेय.
खांद्यावर पट्ट्याचा ओला वळ,
त्यावर वारा लागतोय.
हात कुठे ठेवावेत कळत नाही.
इंदोरा अजून दोनेक किलोमीटर असेल.
वाढोकर असतील,
नसतीलही.
टाचेखाली ट्यूबचा तुकडा
दर पावलाला जरासा दबतो,
आणि पुन्हा वर येतो.